ला कॉन्सेयांत २०१४ : पोमरोलची मर्लो नागपुरात उघडली, सविस्तर लिहितोय

धंतोलीकर

मंडळी, मागे वाईनच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की मर्लो, म्हणजे त्या नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाईन, ही नवशिक्यांची वाईन, मऊ असते, गोडसर लागते, तिच्यात पारखण्यासारखं काही नसतं. मला ते फार खटकलं होतं. जगातल्या सगळ्यात महागड्या रेड वाईन्समधल्या दोन, पेट्रूस आणि ल पँ, या जवळजवळ निव्वळ मर्लोच्या आहेत आणि बागा बघाल तर एवढ्याशा, पेट्रूस साधारण साडेअकरा हेक्टर म्हणजे आपले २८ एकर, आणि ल पँ तर तीन हेक्टरही नाही. हजारो युरोंच्या त्या बाटल्या आपल्या आवाक्यातल्या नाहीत हे उघड आहे. पण त्यांच्याच शिवारातली, म्हणजे फ्रान्समधल्या पोमरोलची, एक बाटली या डिसेंबरात हाती आली, भाऊजी पॅरिसहून येताना दोन लिटरच्या मर्यादेत घेऊन आले, आणि आम्ही चार घरच्या-बाहेरच्या लोकांनी मिळून ती सावकाश, पूर्ण संध्याकाळ लावून प्यायली. त्याबद्दल लिहितोय.

बाटली शातो ला कॉन्सेयांत, साल २०१४. पांढरं लेबल, त्यावर चंदेरी चौकट, आणि तोंडावरचं वेष्टन जांभळं. बाग १२ हेक्टरच्या आसपास, १८७१ पासून निकोला कुटुंबाकडे आहे. त्याआधी अठराव्या शतकात ही जमीन एका बाईंची होती आणि त्या लोखंडाचा व्यापार करायच्या, मला हे वाचून फार भारी वाटलं होतं. मर्लो साधारण ८० टक्के, बाकी काबर्ने फ्राँ. एका बाजूला पोमरोलचं पठार, तिथे पेट्रूस आणि व्यू शातो सर्तां, आणि दुसऱ्या बाजूला शिवेला शिव लागून सेंत एमिलियों भागातली शेव्हाल ब्लाँ ही बाग. शेजार असा. पोमरोल म्हणजे बोर्दो भागातला उजवा काठ, दोर्दोन्य नदीपलीकडे लिबूर्न गावाला लागून, सगळं मिळून ८०० हेक्टर. १८५५ ची बोर्दोच्या वाईन्सची प्रसिद्ध दर्जावारी डाव्या काठाची होती, पोमरोलला आजही अधिकृत दर्जावारी नाही, त्यामुळे इथे कुणाच्याही लेबलवर पहिला दर्जा, दुसरा दर्जा असलं काही सापडणार नाही, जे काय ठरतं ते ग्लासातच ठरतं.

२०१४ मुद्दाम सांगतो कारण हे काही गाजलेलं साल नाही. तिथला ऑगस्ट थंड आणि ढगाळ गेला होता, लोकांनी जवळपास आशा सोडली होती, मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लख्ख कोरडं ऊन पडलं आणि पीक वाचलं. अशा सालाची वाईन बाग पारखायला जास्त चांगली असं माझं मत आहे, कारण २००९ किंवा २०१० सारख्या सालात ऊन एवढं असतं की मध्यम बागही छान वाटते.

आता चाखण्याबद्दल. बाटली आल्यावर काही आठवडे आडवी ठेवून विसरलो, प्रवासात हललेली वाईन लगेच उघडू नये. उघडायच्या आदल्या दिवशी उभी केली म्हणजे गाळ खाली बसतो. सोबत मुद्दाम आपल्या महाराष्ट्रातली एक चांगली मर्लो आणली आणि दोन्ही बाटल्यांना लोकमतचं पान गुंडाळून वरून रबर लावलं, कुठली कुठली हे फक्त बायकोला माहीत, तिने त्या संध्याकाळी प्यायची नाही असं ठरवूनच घेतलं होतं. हे झाकणं फार गरजेचं आहे हो, लेबल दिसलं की जीभ डोळ्याचं ऐकायला लागते.

पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांनी आपली देशी बाटली वर ठेवली, मीसुद्धा. ती उघडल्या उघडल्या बोलायला लागली, आलूबुखार, जॅम, व्हॅनिला, घोट घेतला की तोंड भरून गोडसर फळ. दुसरीत सुरुवातीला काहीच नाही, थोडं देवदाराचं लाकूड, थोडी भाजलेली कॉफी, आणि जिभेवर तुरटपणा. एकजण तर म्हणाला की हिच्यात काही दम नाही बावा. मी सगळ्यांना म्हटलं थांबा, दोन्हीतलं अर्धं ग्लासात राहू द्या.

तास-सव्वा तासाने चित्र पालटलं. देशी बाटलीतलं फळ तेवढंच होतं पण त्याच्या खाली काही सापडेना, आणि अल्कोहोल वर यायला लागलं. दुसरीत आधी जांभूळ आलं, पिकलेलं पण किंचित तुरट असं, मग गडद चेरी, मग व्हायोलेटचा फुलांचा वास, ज्यासाठी ही बाग ओळखली जाते, आणि शेवटी शेवटी अळंबी, ओलसर पालापाचोळा. रंग मध्ये गडद, कडेला नुकती विटकरी छटा धरायला लागलेली, मर्लो काबर्ने सोव्हिन्योंच्या मानाने लवकर त्या रंगाकडे जाते.

माझं म्हणणं इथेच आहे. दोन्ही वाईन्स मऊच होत्या, पण एक मऊ होती कारण तिच्यात धरून ठेवणारं काही नव्हतं, आणि दुसरीत टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारा घटक, भरपूर होतं पण इतकं बारीक की घोट गिळल्यावर हिरड्यांवर हलकी मखमल राहते आणि मग दोन्ही गालांच्या आतून लाळ सुटते, ती आंबटपणामुळे. घोट गिळून गप्प बसा, चव कुठवर टिकते बघा. देशीची चव चार-पाच सेकंदांत ओसरायची, हिची वीस सेकंदांनंतरही होती आणि त्यात शेवटी फळापेक्षा फूल जास्त होतं. मर्लो पारखायची ती मऊपणावर नाही, मऊपणाच्या खाली काय आहे त्यावर, आणि ते पहिल्या अर्ध्या तासात कळत नाही.

अजून एक प्रयोग केला. एक ग्लास स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला जिथे पोळ्या चालू होत्या, दुसरा गॅलरीत. ओट्यावरचा २५ डिग्रीच्या आसपास गेला असेल, तो नाकाला लावला तर स्पिरिट आणि शिजवलेलं आलूबुखार, बस. तोच ग्लास गॅलरीत अधिवेशनाच्या थंडीत नेला, १७-१८ वर आला तेव्हा फुलं परत हजर. पुस्तकात "रूम टेंपरेचर" लिहिलेलं असतं ते तिकडच्या दगडी घरांचं, नागपूरचं नाही. इथे रेड वाईन पिण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवाच, मे महिन्यात तर पाऊण तास.

---

सदरवासी

दादा किती छान लिहिलंय, मी दोनदा वाचलं. दोन प्रश्न. एक म्हणजे सोबत खायला काय होतं, सावजी चालेल का? आमच्या घरी पाहुणे आले की सावजी मटणच होतं आणि त्यासोबत रेड वाईन उघडली की मला तरी ती कडू लागते. दुसरं, एवढी महाग बाटली आणि तुमच्याच टेबलावर पहिल्या अर्ध्या तासात ती हरली, मग पैशाचं चीज झालं असं म्हणायचं का?

---

धंतोलीकर

ताई, सावजी अजिबात नको. तिखटाने जीभ पेटलेली असते, त्यावर अल्कोहोल आणखी जाळतं आणि टॅनिन कडू लागतं, त्यामुळे तुम्हाला जे जाणवतं ते अगदी बरोबर आहे. सावजीसोबत थंड बिअर किंवा जरा गोडसर व्हाईट. आम्ही मटण तुपात मंद परतून मीठ आणि मिरपूड एवढ्यावरच ठेवलं होतं, सोबत लसूण घालून अळंबी. पावसाळ्यात पूर्व विदर्भातल्या सात्या, म्हणजे तिथली रानातली अळंबी, मिळाल्या असत्या तर त्याच केल्या असत्या, हिच्यासोबत त्यापेक्षा चांगलं काही सुचत नाही.

पैशाचं म्हणाल तर भारतात आयात वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलंय आणि वर राज्याचा कर वेगळा, त्यामुळे इथल्या दुकानातली किंमत हा वाईनच्या दर्जाचा पुरावा मी धरतच नाही. तिकडच्या किमतीला ही बाटली घेणं मला पटतं. रोजच्यासाठी नाही, वर्षातून एकदा, चार लोकांत वाटून. आणि घाईत संपवायची असेल तर घेऊच नये, त्यात काही अर्थ नाही.

---

मातीवाला

धागा आवडला. मी मातीच्या क्षेत्रात आयुष्य घालवलं, म्हणून एक गोष्ट सांगतो जी वाईनवाले लोक फार गूढ करून सांगतात. पेट्रूसची ती प्रसिद्ध निळी चिकणमाती म्हणजे स्मेक्टाइट गटातलं खनिज. आपल्या विदर्भातली कापसाची काळी जमीनही स्मेक्टाइटचीच. आपल्या अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचं मुख्यालय आहे, तिथल्या नमुन्यांत ही माती हाताळलेल्या माणसाला पोमरोल परकं वाटणार नाही. पाणी मिळालं की फुगते, वाळली की भेगा पडतात.

मग तिथे ती चालते आणि इथे का नाही असं कुणी विचारेल. तिथे ती माती एका छोट्या उंचवट्यावर वर आलेली आहे, पाऊस पडला की वरचा थर फुगून बंद होतो आणि जास्तीचं पाणी उतारावरून निघून जातं, मुळांना झोडपत नाही. उन्हाळ्यात आत धरलेलं पाणी ती हळूहळू सोडते, त्यामुळे वेल ना तहानतो ना माजतो. मर्लोला नेमकं हेच लागतं. आपल्याकडे चार महिन्यांत हजार-अकराशे मिलिमीटर कोसळतो आणि सपाट रानात पाणी तुंबतं. माती तीच, पाणी वेगळं. ला कॉन्सेयांतमध्ये चिकणमातीसोबत गोटे आणि रेतीही बऱ्यापैकी आहे आणि खाली लोहाचा थर, तुम्हाला जो फुलांचा हलकेपणा मिळाला त्यात रेताड भागाचा आणि काबर्ने फ्राँचा वाटा असणार असा माझा अंदाज. निव्वळ चिकणमातीवरची मर्लो जास्त जड, जास्त दाट होते.

---

मृगबहार

काका काय माहिती दिली, मजा आली वाचून. मी काटोलकडला संत्रावाला, वाईनमधलं आपल्याला काही समजत नाही, पण बोर्दो वाचलं आन् डोक्यात लाईट लागला. आम्ही पावसाळ्याआधी आन् नंतर झाडाच्या बुडाला जी बोर्डो पेस्ट लावून राहिलो ना डिंक्या रोगासाठी, मोरचूद आन् चुना, ते त्याच गावचं हाय का?

---

धंतोलीकर

हो भाऊ, त्याच भागातलं. तिकडे द्राक्षवेलींवर डाऊनी हा बुरशीचा रोग पसरला होता, वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर लोक मोरचूद आणि चुना मारायचे, आणि नेमक्या त्याच वेलींची पानं शाबूत राहिलेली मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आली. त्यांनी त्यावर काम करून १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. म्हणजे पोमरोलची वेल आणि काटोलचं संत्रं एकाच औषधावर जगलेले आहेत.

---

निफाडकर बागायतदार

मी वाईनची द्राक्षं लावतो, आधी थॉमसन ही खायची द्राक्षं होती, काही एकर वाईनच्या जातींना दिली. मर्लोबद्दल शेतकऱ्याच्या बाजूने लिहितो कारण धंतोलीकर साहेबांनी देशी बाटलीबद्दल जे लिहिलं ते खरं आहे आणि त्याचं कारण बागेत आहे.

आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारी अखेर ते मार्च. म्हणजे पोमरोलमध्ये द्राक्ष पिकताना दिवस लहान आणि रात्री थंड होत जातात, आमच्याकडे उलट, मणी पिकायला लागला की ऊन वाढत जातं. मर्लो मुळातच लवकर पिकणारी, साल पातळ. फेब्रुवारीच्या शेवटी एकदा पारा ३४-३५ ला गेला की ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, पळतो, आम्ल पडतं, पण बी अजून हिरवं असतं. बी दाताखाली चावून बघायचं, तपकिरी आणि कुरकुरीत झालं तर टॅनिन तयार, हिरवट आणि चिकट असेल तर नाही. ब्रिक्स बघून तोडलं तर टॅनिन कच्चं, बी बघून थांबलो तर साखर जास्त, मग वाईनमध्ये अल्कोहोल जास्त आणि फळाचा जॅम. तुम्हाला ओट्यावरच्या ग्लासात जे लागलं तेच. काबर्ने आणि शिराज हे ऊन सोसतात, मर्लो नाही सोसत. फुलोऱ्यात ढगाळ वातावरण लागलं तर फुलगळही हिचीच सगळ्यात जास्त.

पण हे होऊ शकतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडला राज्यातली सगळ्यात कडक थंडी असते. छाटणी लवकर धरली, घड कमी ठेवले, पूर्वेकडची पानं काढली आणि पश्चिमेची तशीच राखली तर मणी दुपारच्या उन्हापासून वाचतो आणि तोडणी जानेवारीत येते. धोका एवढाच की लवकर छाटणी केली आणि परतीचा पाऊस लांबला तर डाऊनी घुसतो. मी हे करतोय आणि मागच्या हंगामात वाईनरीवाल्यांनी माझ्या मर्लोची टाकी वेगळी ठेवली, इतरांच्यात मिसळली नाही, शेतकऱ्याला याचा आनंद काय असतो ते शब्दात सांगता येत नाही.

---

धंतोलीकर

दादा, या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद तुमचा आहे. ग्लासात काय कमी आहे ते आम्ही सांगू शकतो, ते का कमी आहे हे तुमच्याशिवाय कुणी सांगणार नाही. ती वेगळी ठेवलेली टाकी बाटलीत आली की इथे नक्की कळवा.

---

कोथरूडकर

उत्तम धागा. एक शंका आहे. एवढ्या प्रतिष्ठित बाटल्यांच्या नकला फार निघतात असं ऐकतो. खरी कशी ओळखायची? माझ्या मेव्हण्याला कुणीतरी भेट म्हणून जुनी पोमरोल देतोय, खूप जुनी.

---

धंतोलीकर

नकला निघतात हे खरंच आहे. रूडी कुर्नियावान नावाच्या माणसाने घरी बसून जुन्या बोर्दो आणि बर्गंडीच्या बाटल्या तयार करून लिलावात विकल्या, मार्च २०१२ मध्ये अटक झाली, २०१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कोर्टात दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या मालात पोमरोलची नावं होती, कारण एवढ्या छोट्या बागांच्या जुन्या सालांच्या नोंदी तुटक आणि खरी बाटली प्यायलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मेव्हण्यांना सांगा, आधी बाटली कुठून आली याची साखळी विचारा, कुणी कधी कुठून घेतली, पावती आहे का. मग पातळी बघा. वीस-पंचवीस वर्षांच्या बाटलीत वाईन मानेच्या तळाशी किंवा खांद्याच्या वरच्या भागात असणं साहजिक आहे. खांद्याच्या मध्याखाली असेल तर हवा आत गेली असण्याची शक्यता मोठी. आणि पन्नास वर्षांची म्हणून सांगितलेली बाटली मानेपर्यंत काठोकाठ भरलेली असेल तर तीही शंकेचीच. वेष्टनाखालचं बूच वर आलेलं किंवा कडेने लाल ओघळ असेल तर ती उष्णतेने उकडलेली आहे. बूच काढल्यावर त्यावर साल आणि बागेचं नाव छापलेलं असतं ते लेबलशी जुळतं का बघा. नाकाला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब, नकली नाही, पण पिण्याजोगीही नाही. डिकँटर, म्हणजे वाईन ओतून हवा द्यायची सुरई, मात्र जपून, तरुण बाटलीला तासभर हवा चांगली, फार जुनीला तेवढी हवा दिली तर वास उडून जातो. तिला फक्त गाळ वेगळा करण्यापुरतं ओता आणि लगेच प्या.

---

सदरवासी

उकडलेली म्हणजे? आपल्या नागपुरात तर सगळ्याच बाटल्या उकडत असतील मग!

---

धंतोलीकर

बऱ्याच उकडतात ताई, हे अगदी मनापासून सांगतो. दुकान दिवसा एसीत असतं पण रात्री शटर पडलं की एसी बंद, आणि मे महिन्यात आपल्याकडे रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात. ट्रकमधून येताना दोन दिवस ४५ डिग्रीत, तो भाग वेगळाच. मी मार्च ते जून रेड वाईन विकतच घेत नाही, नोव्हेंबर-डिसेंबरात ताज्या मालातली घेतो आणि शक्यतो खिडकीजवळच्या मांडणीवरची उचलत नाही.

---

मृगबहार

आमच्याकडं संत्र्याचं पण तसंच हाय, तोडल्यावर उन्हात गाडी उभी राहिली का माल गेला. एक विचारू का दादा, मार्क किती देता मग या बाटलीला?

---

धंतोलीकर

वीसपैकी साडेसतरा. फुलांचा वास आणि शेवट यांना पूर्ण, मध्यात अजून थोडी दाटी हवी होती, ती बहुधा त्या थंड ऑगस्टची देणगी. आता पिण्याजोगी आहे आणि नीट ठेवली तर पुढची दहा वर्षं तरी उतरणार नाही. देशीला तेरा, आणि निफाडकर दादांनी लिहिलेलं वाचल्यावर मला वाटतं तिथून सोळापर्यंत जाणं अशक्य नाही.

---

सदरवासी

माझ्याकडे भावाने दिलेली एक मर्लो आहे, दिवाळीपासून किचनच्या वरच्या कपाटात, फ्रेंच आहे पण साधीच, नाव फारसं कुणी ऐकलेलं नसेल. काय करू? ठेवू का अजून?

---

धंतोलीकर

ताई, आजच काढून खाली आणा, कपाटातली सगळ्यात खालची मागची जागा द्या, आणि होळीच्या आधी प्या. साधी मर्लो वर्षानुवर्षं ठेवण्यासाठी बनवलेलीच नसते आणि आपला एप्रिल ती काढू शकणार नाही. पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये, मग उघडून अर्धा तास तशीच, आणि एक ग्लास शेवटपर्यंत राखून ठेवा. कशी निघाली ते इथे लिहा.